सुमन आणि बाकीची झाडं

पेरणीचे दिवस जवळ आले की पांढरकवड्यात प्रचाराच्या जीपगाड्या फिरू लागतात. टपावर दोन भोंगे, बाजूला टपोऱ्या बोंडांचं चित्र आणि गाण्यावर गाणी. बियाण्याचं, खताचं, औषधाचं. फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. हल्ली या गाण्यांतला आवाज कुण्या शहरातल्या पोराचा असतो. चांगला गुळगुळीत असतो, आणि जीप वळली की लक्षातही राहत नाही. तरी भोंगा वाजला की मी दुकानातून मान वर करतो. इतक्या वर्षांनीही मला वाटतं, आता लीडभाऊंचा आवाज येईल.

खरं नाव सुधाकर. पण ते नाव त्यांच्या रेशनकार्डापलीकडे कुणाला माहीत नव्हतं. बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून मी रेकॉर्डिंगची सोय केली होती. पाटीवर ‘स्टुडिओ’ असं मीच लिहिलं होतं, दुसरं कुणी तसं म्हणत नसे. तिथे एके दिवशी साठीला टेकलेला एक उंच माणूस शिरला. पांढऱ्या केसांची मागे बांधलेली शेपटी, पायात कातडी बूट आणि महिना मे. पाठीवर गिटार. हात पुढे करून म्हणाला, “मी लीड.” मला वाटलं, आडनाव असेल.

मग कळलं की तरुणपणी नागपुरात यांचा चौघांचा बँड होता. रॉक वाजवायचे. कॉलेजांची गॅदरिंगं, रेल्वेवाल्यांचे क्लब, असं बरंच गाजवलं म्हणे. त्यात हे लीड गिटार. पुढे बँड मोडला. एक बँकेत चिकटला, एक रेल्वेत, एक दुबईला गेला. हे आईच्या आजारपणात गावी परतले ते इथेच राहिले. बँड गेला, पण लीडपण काही गेलं नाही. लग्नात वाजवोत की जयंतीच्या मिरवणुकीत, ते स्वतःला लीडच समजत, आणि बाकीच्यांनी आपल्या मागे यावं अशी त्यांची साधी अपेक्षा असे.

पुसदकडच्या एका तांड्यावर वरातीत त्यांनी डोळे मिटून असा काही सोलो लावला की नाचणारी पोरं नाचायची थांबली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर हे एकटेच उभे, मान वर, बोटं पळताहेत. नवरदेव घोड्यावर पेंगायला लागला. शेवटी नवरीचा बाप ट्रॉलीवर चढला आणि हात जोडून म्हणाला, “भाऊ, लई झ्याक हाय जी. पन लगन लागू द्या ना आता.” लीडभाऊंनी डोळे उघडले आणि त्याला म्हणाले, “पार्टनर, आत्ता तं नंबर सुरू झाला होता.” ते गाण्याला गाणं कधीच म्हणत नसत. नंबर म्हणत. आणि जगातल्या प्रत्येक माणसाला पार्टनर. अपवाद फक्त सुमनताईंचा.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. अंगणवाडीत होत्या. बोलणं मोजकं आणि चालणं भरभर. त्या चालण्यावरच लीडभाऊंचा पहिला नंबर होता. नागपूरहून सुटीला आले की हे सायकल हाणत त्यांच्या गावाकडे जात. पांढरकवड्यापासून आत, जंगलाला लागून ते गाव. सुमनताई शेतातून घरी निघालेल्या असत आणि हे मागे मागे. त्या मागे न पाहता झपाझप पुढे. तेव्हा जुळवलेल्या दोन ओळी लीडभाऊंनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवल्या होत्या.

थांब ना वं सुमन, ऊन उतरू दे
वाट कुठं पळते, मले येऊ दे

चाल अशी होती की एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून जात नसे. “मग थांबल्या का?” मी विचारलं. “थांबली ना. म्हने, चप्पल तुटली म्हनून थांबली. अजून तेच सांगते.” घरी भाकरी थापताना सुमनताई हीच चाल गुणगुणत. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आम्ही बाहेर चहा पीत बसलेलो असायचो आणि लीडभाऊ बोट ओठांवर ठेवून मला गप्प करायचे.

आता पुढचं सांगताना मला राग येतो. कुणाचा येतो ते नीट सांगता येत नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरची माणसं गाड्या घेऊन येत, गावांतून फिरत, मान हलवत आणि हायवेने परत जात. बोंडअळी काही केल्या हटत नव्हती आणि औषधांच्या बाटल्यांवर बाटल्या येत होत्या. गावातल्या एका कृषी केंद्राचा मालक दुकानात आला. नवं औषध आलंय, उद्या जीप काढायची आहे, आजच गाणं पाहिजे. लीडभाऊ तिथेच बसलेले. त्यांची एक खोड होती, समोर माइक चालू दिसला की त्यांना नाही म्हणता येत नसे. तारा जुळवल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस, त्या दिवशी तारा जुळवता जुळवताच गाऊन मोकळा झाला.

थांबा हो भाऊ, पंप भरू दे
अळी कुठं पळते, फवारू दे

चाल तीच. हाताशी होती, जिभेवर होती, वापरली. मालक खूश झाला. मीही हसलो. आम्ही सगळेच हसलो. जीप रफिकची होती. तो म्हणाला, “उस्ताद, यह तो घर घर बजेगा.” आणि वाजलं. त्या मोसमात शाळेतली पोरं मधल्या सुटीत तेच म्हणत होती. लीडभाऊ ऐटीत फिरत. आयुष्यभर नंबर केले, पण रस्त्यावर लोक गुणगुणताहेत असा हा पहिलाच.

सुमनताईंनी तो ऐकला तेव्हा एवढंच म्हणाल्या, “दुसरी चाल नव्हती का तुमच्यापाशी?”

त्यांचा धाकटा भाऊ दिगंबर त्याच माहेरच्या गावी शेती करायचा. घरात जावयाचा मान मोठा. लीडभाऊ गेले की दिगंबर स्वतः पाय धुवायला पाणी आणून देई, भाऊजी बोलले की विषय संपला. पोळ्यानंतर जीप त्याच्या गावात गेली. भोंग्यातून भाऊजींचा आवाज आला. लोकांनी विचारलं, औषध कसं काय आहे? हा छाती फुगवून म्हणाला, “आमच्या भाऊजीचा आवाज हाये. वाईट असन का?” त्याने घेतलं आणि त्याच्या शब्दावर आणखी चौघांनी घेतलं. भर दुपारी, तोंडाला काही न बांधता, डोक्याएवढ्या वाढलेल्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरून तो फवारत राहिला. वारा उलटा होता. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडलेला सापडला.

वाचला. पण नजर गेली. पुरती नव्हे, माणूस उभा आहे एवढं दिसायचं, कोण ते दिसायचं नाही. दवाखान्यातून आणला तेव्हा त्याने हाताने चाचपून लीडभाऊंचे खांदे धरले आणि म्हणाला, “भाऊजी, मीच चुकलो. औषध जास्त टाकलं असन म्या.” त्याने एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लीडभाऊ मला नंतर कितीदा तरी म्हणाले.

सुमनताई भांडल्या नाहीत. रडल्या त्याही भावाजवळच. घरी आल्यावर चूल पेटवली आणि नवऱ्याला सांगितलं, “भाईर काय गायचं ते गा. ह्या घरात नाई. माह्यं गानं होतं ते, तुमी भोंग्यावर देऊन टाकलं.” त्या दिवसापासून गिटार माझ्या दुकानात राहायला आली. घरी सुमनताई भाकरी थापत, पण नुसती थापण्याचा आवाज येई.

स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढायचं वेड यातून आलं. वेड म्हणतो, कारण कॅसेटचा जमाना तेव्हा संपत आला होता आणि साठीच्या माणसाचा रॉक यवतमाळ जिल्ह्यात कोण घेणार होतं? पण ते रोज सकाळी येऊन बसत. त्यांना ती चाल परत पाहिजे होती. भोंग्यावरून सोडवून पुन्हा सुमनताईंची करून द्यायची होती, एवढंच. “मी दिली, मीच परत आनीन,” म्हणायचे. आणि त्यासाठी एक नंबर पुरणार नाही, सगळं सांगावं लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं.

म्हणून त्यात सगळंच आलं. एक नंबर सुमनताईंच्या नाकातल्या खड्यावर, त्याला लागून एक नाल्यात उलट्या तरंगणाऱ्या मासोळ्यांवर. एक लग्नानंतरच्या पहिल्या भांडणावर, पुढचा तुरीवर मधमाश्या का येत नाहीत यावर. मी वैतागलो. “लीडभाऊ, प्रेमाची एका बाजूला घ्या, झाडापाखरांची एका बाजूला. गिऱ्हाईक गोंधळून जाईल.”

“पार्टनर, मीच गोंधळून राह्यलो तं गिऱ्हाइकाले काहून सोडू?”

“पण बायको वेगळी, नाला वेगळा.”

“मले सांग, मी दोघायचं काय वेगळं केलं?”  मी गुपचूप टेप लावली.

त्यांना गिटारचा आवाज फाटका हवा होता. त्यासाठी माझ्या जुन्या रेडिओचा स्पीकर त्यांनी ब्लेडने चिरला. मला न विचारता. मी बोंबललो तर म्हणाले, “साबूत आवाजानं खोटं बोलून झालं, आता फाटक्यानं खरं बोलतो.” खोलीच्या मागेच हायवे. चांगला नंबर सुरू असला की एखादा ट्रक हमखास हॉर्न द्यायचा आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. एका नंबरात मात्र त्यांनी हॉर्न तसाच ठेवला. तो सागवान तोडून नेणाऱ्या ट्रकवरचा होता. “हा तं आपल्या बँडमदला निंगाला,” म्हणाले आणि कित्येक दिवसांनी हसले.

पहिल्या बाजूला पहिला नंबर ‘थांब ना वं सुमन’. अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखा. आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी एक लहानसा नंबर, नुसती गिटार आणि आवाज.

एक कोपरा सोडून दे सुमन
तेवढे दाने पाखराचे

माझ्या मते सगळ्यात चांगला तोच होता. मी म्हटलं, हा पुढे घ्या, बी बाजूच्या शेवटपर्यंत कुणी ऐकत नाही, लोक झोपून तरी जातात नाहीतर कॅसेट तरी बदलतात. त्यांनी मान हलवली. “जिले आयकायचं ती शेवटलोक आयकन. नाई आयकलं तं समजून घेईन.” कॅसेटच्या वेष्टनावर नाव छापलं, ‘सुमन आणि बाकीची झाडं’. छापखानेवाल्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कॅसेट निघाली. वेचणीचे दिवस, दिगंबरला दिसत नाही म्हणून सुमनताई सुटी काढून माहेरी कापूस वेचायला गेलेल्या. लीडभाऊंनी ठरवलं, पहिल्यांदा तिथेच वाजवायची. जीप रफिकचीच ठरली, दुसरी होती कुठे? मी नको म्हटलं होतं. भोंगे तरी काढा म्हटलं होतं. ते म्हणाले, “ज्या भोंग्यावर गेली त्याच भोंग्यावरून आनतो.” नवा शर्ट घातला होता. 

गावात शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. शेतातून बाया परतत होत्या. चावडीपाशी जीप उभी केली, रफिकने बटण दाबलं आणि ती चाल सुरू झाली.

थांब ना वं सुमन…

शब्द कुणी ऐकलेच नाहीत. एका म्हातारीने अंगणातलं पाण्याचं मडकं उचलून आत नेलं. दुसरीने खेळणाऱ्या नातवाचा दंड धरून त्याला घरात ओढलं आणि दार लावलं. पुरुष मात्र जीपकडे आले. एकाने बाटल्यांचे खोके दिसतात का म्हणून मागे डोकावून पाहिलं. “औषध कुठं हाय जी?” त्याने मला विचारलं. मी कॅसेट दाखवली. त्याने ती उलटसुलट केली आणि म्हणाला, “हे तं गान्याचं हाये. औषधाचं नाव सांगा ना.”

तेवढ्यात दिगंबर ओट्यावरून उठला. एक हात भिंतीला लावत, चेहरा आवाजाच्या दिशेला करून. तोंडभर हसत होता.

“भाऊजी आले का? यंदा कोनतं औषध आनलं, भाऊजी?”

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. भाऊजींनी सांगितलं असतं तर त्याने यंदाही आणलं असतं, पंप पाठीला लावून दुसऱ्याला पुढे चालायला सांगितलं असतं. लीडभाऊ जीपला टेकले. मी धावत जाऊन टेप बंद केली. मागे सुमनताई उभ्या होत्या, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली.  त्या पुढे आल्या, दिगंबरचा हात धरला आणि म्हणाल्या, “काई नाई आनलं रे त्यायनं. चाल घरात.” दारापाशी थांबून नवऱ्याला म्हणाल्या, “जेवून जा.” आम्ही जेवलो. पिठलं होतं एवढं आठवतं, बाकी कुणी काय बोललं ते आठवत नाही. निघताना लीडभाऊंनी एक कॅसेट भिंतीतल्या देवळीत ठेवली आणि आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी कृषी केंद्राचा मालक हसत हसत दुकानात आला. आसपासच्या गावांतले लोक येऊन विचारताहेत म्हणे, नव्या गाण्याचं औषध आलं का. “लीडभाऊ, तुमचा आवाज म्हणजे काय सांगू. पुढच्या मोसमाला हेच हळू गाणं लावू. शब्द तेवढे बदलून द्या.” माइक चालू होता. मी धसकून पाहत होतो. लीडभाऊंनी हात लांब करून माइकचं बटण बंद केलं, आणि मग म्हणाले, “नाई.” कारण वगैरे काही नाही. मालकाने बराच वेळ समजावलं, शेवटी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि गेला.

नंतर लीडभाऊंनी जिथे जिथे ठेवायला दिल्या होत्या तिथून कॅसेटी परत आणल्या. विकल्या फारशा गेल्याच नव्हत्या. “चाल काई सुटत नाई, पार्टनर,” म्हणाले. “भोंग्यातच राह्यली ती.” खोके गिटारशेजारी पडून राहिले. लीडभाऊ येईनासे झाले. मला त्यांच्या घरी जायचा धीर होत नव्हता, कारण तिथे काही वाजत नसे.

पुढच्या वर्षी पावसाच्या आधी सुमनताई स्वतः दुकानात आल्या. दिगंबरच्या अर्ध्या शेतात यंदा पऱ्हाटी नाही, ज्वारी पेरायची, फवारणी नको, असं त्यांनी ठरवलं होतं. हे सांगायला आल्या आहेत असं मला वाटलं. पण त्यांनी खोक्यांकडे बोट दाखवलं. “ते जोंधळा भरल्यावर तिकडं पाठवून द्या. दिगंबरले पाखरं हाकलता येत नाईत. दिसत नाईत त्याले.”

मला कळायला वेळ लागला. आणि कळल्यावर वाईट वाटलं. आमच्याकडे कॅसेटमधली पट्टी ओढून काढतात आणि शेताभोवती खुंट्याखुंट्यांना ताणून बांधतात. वाऱ्याने ती थरथरते, गुंजते, उन्हात चमकते आणि पाखरं उतरत नाहीत. ज्या गाण्यांत पाखरांना या या म्हणून आळवलं होतं, त्यांच्याच पट्ट्या आता पाखरं हुसकायला लागणार होत्या. लीडभाऊंना हे कसं सांगू म्हणून मी दिवस ढकलले आणि जोंधळा भरायची वेळ आली तेव्हा घरी गेलो, तर ते बूट चढवून तयारच बसलेले. “चला, पार्टनर. एवढा मोठा शो कधी मिळाला नव्हता.”

ज्वारी पुरती दाण्यात आली तेव्हा मी ते पाहायला पुन्हा गेलो. वारा चांगला होता. शेताच्या चारी बाजूंनी काळ्याभोर पट्ट्या ताणलेल्या आणि सगळीकडून एक बारीक, न थांबणारा घुमारा. राखणीच्या माचीवर दिगंबर आणि लीडभाऊ शेजारी बसले होते. दिगंबर कान देऊन ऐकत होता.

“भाऊजी, हा कोनता नंबर?”

लीडभाऊंनी थोडा वेळ ऐकलं. “आता काई सांगता येत नाई रे. समदे एकात एक झाले.”

पाखरांचा थवा आला, घिरटी घालून दूर जंगलाकडे निघून गेला. लीडभाऊ मला म्हणाले, “पाह्यलं? माह्यं आयकून पळाली. आता हिट झालं म्हना.” ते हसले. पण चेहरा हसत नव्हता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

सुमनताई भाकरी घेऊन आल्या. माचीखाली फडकं सोडलं, चटणी वाढली. मग कमरेवर हात ठेवून त्या शेताकडे पाहत उभ्या राहिल्या. थव्यातली दोनचार पाखरं अजून बांधावरच्या बाभळीत घुटमळत होती. त्यांच्याकडे पाहत, नवऱ्याकडे न वळता त्या म्हणाल्या, “तिकडचा एक कोपरा सोडून द्या. तेवढे दाने त्यायचे.”

लीडभाऊंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  बी बाजूच्या अगदी शेवटच्या नंबरात होतं ते. तिथपर्यंत कुणी ऐकत नाही असं मीच त्यांना सांगितलं होतं. दिगंबरच्या देवळीत ठेवलेली ती एक कॅसेट सोडली तर सुमनताईंच्या कानावर ते दुसरीकडून पडणं शक्य नव्हतं.

सुमनताई माचीकडे वळल्या. दिगंबरला पाण्याचा तांब्या दिला आणि त्याचा हात धरून त्यावर नीट बसवला. घरात गाण्याची बंदी उठली का, हे मी कधी विचारलं नाही आणि गिटार न्यायलाही कुणी आलं नाही. त्याच हिवाळ्यात लीडभाऊ गेले. गिटार अजून माझ्याकडेच आहे.

मी पाहिलेलं शेवटचं एवढंच. भाकरी तशीच ठेवून ते माचीवरून उतरले. बूट ढेकळांत अडखळत होते, पांढरी शेपटी वाऱ्याने उडत होती. शेताच्या पार त्या कोपऱ्याला गेले, खुंट्यांना मारलेल्या गाठी एकेक करून सोडल्या आणि सुटलेली पट्टी हाताला गुंडाळत तिथेच बांधावर खाली बसले. पाखरं बाभळीतून उतरेपर्यंत ते हलले नाहीत.